गट्टि, घट्ट आणि घट्टे

चाळिशी उलटल्यावर मी वजनं उचलायला लागले, ती माझ्या वडिलांना उचलता यावं म्हणून. कुणी विचारलं की मी हेच सांगते आणि समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई काहीतरी छान छान बोलल्या. मग मला राग येतो. मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेतली पहिलीची पोरंसुद्धा सांगतील.

अप्पांना लकवा झाला आणि त्यांची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं एवढंच. दुबलगुंडीच्या घरात आई एकटी त्यांचं करू शकली नसती, म्हणून दोघांना मी हुमनाबादला माझ्याकडे आणलं. मी इथे मराठी शाळेत शिकवते, एकटीच राहते. आई मुठीएवढी आणि अप्पा आडवेतिडवे. आजारपणानेही त्यांचं वजन काही उतरलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही दोघी मिळून त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवायचो. मी काखेत हात घालायची, आई पाय सांभाळायची, आणि कसंबसं जमायचं.

एक दिवस नाही जमलं. उन्हाळा होता, त्यांची पाठ घामाने ओली होती, माझ्या बोटांतला जोर संपला आणि ते माझ्या अंगावरून घसरत फरशीवर गेले. लागलं फारसं नाही. पण त्यांना परत वर घ्यायला शेजारची चार माणसं बोलवावी लागली. अप्पा छताकडे बघत राहिले. ती माणसं चहा पिऊन गेल्यावर म्हणाले, "आता मला हात लावू नको. तुज्यानं व्हत न्हाई."

तेव्हापासून ते उठेनात. आंघोळ खाटेवर, जेवण खाटेवर. बीदरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज उठवून बसवा, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत. कुशीवर वळवताना मला कमरेच्या खाली एक लाल डाग दिसायला लागला होता. रोज मी तो बघायची आणि रोज अप्पांना म्हणायची, चला, बसू या. ते डोळे मिटून घ्यायचे. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, माणूस ठेव. माणूस ठेवलाही. अप्पांनी त्याला एक दिवसही अंगाला हात लावू दिला नाही, आणि तो बिचारा हात हलवत परत गेला.

मला त्या वाक्याचा राग होता. तुज्यानं व्हत न्हाई. आईशी बोलताना मी एकदा तो काढलासुद्धा. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "त्येंला सवताची भीती न्हाई गं. तुजी हाय. तुजं कंबर मोडलं तर कोन बघनार, म्हनून पडून ऱ्हायलेत." दुसऱ्याच दिवशी मी जिममध्ये नाव घातलं.

आमच्याकडची जिम म्हणजे बाजारातल्या एका खताच्या दुकानाच्या वरचा मजला. सकाळी पहिला तास बायकांचा. बाकीच्या बारीक व्हायला आलेल्या, फिरत्या पट्ट्यावर चालायच्या आणि गप्पा मारायच्या. मी पहिल्या दिवशी तिथे शिकवणाऱ्या सरांना म्हटलं, मला एक माणूस जमिनीवरून नाही, खाटेवरून उचलायचाय, तेवढं शिकवा. सर आळंदकडचे, माझ्यापेक्षा लहान, कन्नड बोलणारे. मराठी समजतं, बोलताना मात्र अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं. ते मला अक्का म्हणायचे. त्यांनी माझ्या हातात नुसती लोखंडी दांडी दिली आणि म्हणाले, आधी ही उचला.

दांडीचा मधला भाग खडबडीत असतो, हात सरकू नये म्हणून. आठवड्याभरात माझ्या तळव्याला, बोटांच्या मुळाशी, टपोरे फोड आले. आईने ते पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तळहाताच्या फोडावानी जपलं तुला, आन तू फोडच करून घिऊन आलीस." मला हसू आलं. तिला नाही आलं. म्हणी तयार करणाऱ्यांनी बायकांच्या तळहाताला फोड कशाने येतात हे जरूर पाहिलेलं असणार, असं मला तेव्हा वाटलं. फोड फुटले की साधी बादली उचलता येत नाही. शाळेत खडूसुद्धा धरता येत नाही. मी चार दिवस फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं आणि पोरांची करमणूक झाली.

जिममधले तरुण हाताला पांढरी पावडर लावतात, पकड चांगली बसते म्हणून. मी ती लावायला नकार दिला. उभा जन्म खडूची पूड हातावरून धुण्यात चाललाय, पैसे भरून आणखी कुठे लावून घेऊ? मग सर म्हणाले, "हंगंद्र ग्लोव्हज तगोरी अक्का. गट्टि नोडि तगोरी." म्हणजे मग हातमोजे घ्या, गट्टि बघून घ्या.

आता इथे आमच्या भागाची गंमत आहे. आम्ही दोन भाषांत वाढतो, तिसरी बाजारात शिकतो, आणि कुठला शब्द कुठल्या घरचा हे कुणी विचारत बसत नाही. कन्नडात गट्टि म्हणजे मजबूत, टणक. पण गट्टि हिडि म्हणजे घट्ट धर. लहानपणापासून हे 'गट्टि हिडि' मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या कानात गट्टि आणि घट्ट एकाच खुंटीवर टांगलेले आहेत. मी ऐकलं कन्नडात आणि समजले मराठीत. घट्ट बघून घ्या.

शाळेच्या कामाला गुलबर्ग्याला जायचं होतं. नाव बदलून कलबुर्गी झालं, आमच्या तोंडातलं काही बदललं नाही. तिथे खेळाच्या सामानाच्या दुकानात मी हातमोजे मागितले. दुकानदाराने माझा हात बघून एक जोडी काढली, ती मला सैल वाटली. मी लहान मागितली. त्याहून लहान मागितली. शेवटी अंगठा आत शिरताना मला दात खावे लागले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तंग हो रा." मी ठसक्यात सांगितलं, "ऐसाच होना." वर जाड गादीवालेच पाहिजेत, असंही सांगितलं. फोड येऊ द्यायचे नाहीत तर गादी जाडच हवी, नाही का? शिकल्यासवरल्याला स्वतःचं तर्कशास्त्र फार असतं.

ते मोजे मी तीन आठवडे वापरले. बोटांना मुंग्या यायच्या, ते मला कामाचं लक्षण वाटायचं. अंगठ्याच्या बेचक्यात शिवण रुतून नवीनच फोड आला. जाड गादीमुळे दांडी हातात मावेना. जेवढी मूठ आवळायची तेवढी ती बाहेर निसटायची. ज्या कामासाठी आले होते तेच बिघडत होतं, माझी पकड वाढायच्या ऐवजी उतरत होती. मला वाटलं अप्पांचंच खरं, माझ्यानं होत नाही. एकदा दांडी हातातून सुटून आपटली आणि सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

सरांनी माझा हात मोज्यातून ओढून काढला, अक्षरशः ओढून. तळव्यावर शिवणींचे वळ उमटले होते. "अक्का, इष्टु टैट याक?" एवढे घट्ट कामून, असं ते विचारत होते. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. ते म्हणाले, "नान गट्टि अंदीनि, टैट अंदिल्ल." मी गट्टि म्हणालो, टाइट म्हणालो नाही. मग आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग जे हसलो! मराठीत गट्टी म्हणजे दोस्ती, हेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग तशीच बघून घ्यायची होती, हाताशी दोस्ती करणारी. म्हटलं, आता बोला, उचलली जीभ लावली टाळ्याला.

नवे मोजे घेताना मी दोऱ्याने हात मोजला. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाखालून, तळव्याभोवती. तळवा पातळ चामड्याचा, पाठ जाळीच्या कापडाची, बोटं अर्धी उघडी. मूठ मिटली की चामड्याला घडी पडू नये, कारण जिथे घडी तिथे फोड. मनगटाची पट्टी आवळायची, पण इतकीच की हात उघडताना बोटं मोकळी राहतील. आणि दांडी तळव्याच्या मध्यात नाही धरायची. बोटं जिथे सुरू होतात तिथे ती ठेवायची. मध्यात धरली की कातडी दांडीखाली गोळा होते आणि चिमटली जाते. हे आधी कळलं असतं तर अर्धे फोड मोज्यांशिवायच थांबले असते. घरी आल्यावर मोजे धुवून सावलीत वाळत घालायचे, नाहीतर ते कडक होतात आणि वासही मारतात. आईने ते दोरीवर पाहून विचारलं, "हे कुनाच्या पायाचं गं?"

अप्पांनाही मोजे दिसले. खाटेवरून त्यांना दोरी दिसायची. त्या दिवसांत ते माझ्याशी थोडंच बोलायचे, पण ह्यावर बोलले. "मोजे घालून उचलतेत व्हय कुटं?"

त्यांच्या गावी देवळासमोर एक वाटोळा दगड आहे. जत्रेत तरणी माणसं तो उचलायची. आधी दगडाला हात लावून कपाळाला लावायचा, मग तळहाताला माती चोळायची, मग बसायचं. अप्पांनी तो दगड छातीपर्यंत आणून खांद्यावरून मागे टाकला होता, हे गावात अजून सांगतात. मी पाहिलं ते फार नंतरचं. तेव्हा ते गोलात उभे राहून दुसऱ्यांना ओरडायचे. दगड जमिनीवरून सुटला की सगळी गर्दी एकच शब्द म्हणायची, गट्टि, गट्टि, गट्टि. मराठी बोलणारेही तेच म्हणायचे. त्या वेळी भाषा कोण बघतो.

"तुमच्या हाताला काय झालं नाही का?" मी विचारलं.

"घट्टे पडले की. घट्टा पडला की हात पक्का झाला. मोज्यात कसा पडंल?"

मोज्यातही पडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हळूहळू पडले. फोड बंद झाले आणि बोटांच्या मुळाशी पिवळट, टणक गोल जमायला लागले. मला त्यांचा अभिमान वाटला, सांगायला काय हरकत आहे. शाळेत वर्गावर सुद्धा मी ते अंगठ्याने चाचपायची. पण एक दिवस अप्पांची पाठ ओल्या कपड्याने पुसून मी तेल लावत होते, तर ते अंग आखडून म्हणाले, "काय टोचायलंय गं?" मी बघितलं. माझ्या घट्ट्याची कडा सुटून उभी राहिली होती. त्या लाल डागाच्या शेजारी तिने एक बारीक ओरखडा काढला होता.

मला खूप वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाची कातडी जुन्या साडीसारखी विरलेली असते, ओढली की गेली. म्हणजे हात पक्के करून भागणार नव्हतं. ते मऊही ठेवायला हवे होते. त्या दिवसापासून मी आंघोळीनंतर आईची पायाची वज्री घेऊन बसायची आणि घट्ट्यांच्या कडा घासायची. सगळा घट्टा काढायचा नाही, नाहीतर खालची कोवळी कातडी उघडी पडते. हाताला लागणार नाही इतकाच सपाट करायचा. मग खोबरेल. आई म्हणायची, "हात हाईत का टाचा?" मोजे आता मी देवाच्या वस्त्रांसारखे जपायला लागले. जिममध्ये ते एकदाही विसरले नाही. बाकीच्या बायकांना वाटायचं मी नाजूक हातांसाठी धडपडते. वाटू दिलं.

घरी उचलायचं तर दांडी नसते, माणूस असतो. त्याला धरायचं कुठे, हा प्रश्न होता. काखेत धरलं की खांदा दुखतो, दंडाला धरलं की कातडी ओढली जाते. सर म्हणाले, कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. तसला पट्टा विकत मिळतो म्हणे. मी घरात शोधलं तर मला अप्पांचा पटका सापडला. जुन्या सुताचा, लांबलचक, धुऊन धुऊन मऊ झालेला. दोन वेढे कमरेला, पुढे गाठ, बाजूला धरायला पकड. मी तांदळाचं पोतं खाटेवर ठेवून, त्याला पटका बांधून उचलून बघितलं. आईने ते पाहिलं आणि देवापुढे जाऊन बसली.

अप्पांना दाखवला तर ते संतापले. "डोईचा पटका कमरंला बांदायलीस?" मला चूक कळली. ह्या माणसाने बाजाराला जाताना, सोयरिकीला जाताना, माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्या शाळेत येतानासुद्धा तोच डोक्याला बांधलेला. मी पटका घडी घालून त्यांच्या उशाशी ठेवला. दुसरं कापड शोधते म्हटलं. पटका त्यांनी उजव्या हाताने स्वतःजवळ ओढून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी मी जिममधून आले. हातात मोजे तसेच होते. अप्पा जागे होते आणि कमरेखालचा डाग त्यांना झोंबत असावा, कारण ते सारखे कुशी बदलायचा प्रयत्न करत होते. मी खाटेशी जाऊन बसले. मोज्यांनिशीच पाठीमागे हात घातला, म्हटलं, निदान वळवून तरी देते.

"ते काढ," अप्पा म्हणाले. "हात बगू."

मी पट्टी सोडली आणि मोजे काढले. त्यांनी उजव्या हाताने माझा तळवा धरला आणि अंगठा बोटांच्या मुळांवरून फिरवला, एक एक करत. मग परत. धान्याचा नमुना बघावा तसं त्यांनी तो हात उजेडाकडे वळवून पाहिला.

मला कळत होतं ते वेगळंच. माझ्या हाताला त्यांचा हात लागत होता. हा हात मला लहानपणापासून पाठ होता. डोक्यावरून फिरला की केस अडकायचे त्यात. तो आता मऊ झाला होता. उजवा, चांगला हात, पण खाटेवर पडून पडून त्याचे सगळे घट्टे झडून गेले होते. तळवा आमच्या पहिलीतल्या पोरांसारखा गुळगुळीत. इतके महिने मी त्यांची पाठ बघत होते, हात बघितलाच नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"कामून रडायलीस?" ते म्हणाले. मग स्वतःच्या तळव्याकडे बघून, "माजे गेले सगळे. तुला आले." आणि थोडं थांबून, "बांद तो पटका."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी पटक्याचे दोन वेढे घातले, गाठ मारली. त्यांना खाटेच्या कडेवर बसतं केलं, त्यांचे पाय माझ्या पायांमध्ये घेतले, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली. जिममध्ये रोज करते तेच. मोजे खाटेवर पडले होते. पटका मी उघड्या हातांनी धरला, बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या मध्यात नाही. अप्पांनी त्यांचा चांगला हात माझ्या गळ्यात टाकला.

मी उठले आणि ते माझ्याबरोबर उठले. सगळं वजन आलं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि तोंड कानाशी. ते हळू आवाजात म्हणायला लागले, गट्टि, गट्टि, गट्टि. कुठल्या भाषेत म्हणत होते, मी कधी विचारलं नाही. मी वळले, दोन पावलं सरकले, आणि त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. बाहेर ऊन आलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी त्यांना बघून हात वर केला, आणि अप्पांनीही केला.

"बसलोय की आता," अप्पा मला म्हणाले. "सोड."

मी त्यांच्यासमोर वाकलेली होते, पटका दोन्ही मुठींत तसाच. सोडायचं माझ्या लक्षात होतं. मुठी उघडत नव्हत्या.